आइस्क्रीमच्या डब्यातला रहिवासी

किटलीचं बटण खट् करून उडालं, आणि घरात शांतता आहे हे रोइमाताच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. चार वर्षांची तिआहो सोफ्यावर उताणी पसरली होती, पाच महिन्यांचा मानु पाळण्यात मुठी वळून पडला होता, आणि दोघंही एकाच वेळी झोपलेली होती. ब्रिस्बेनच्या दक्षिणेकडच्या त्या भाड्याच्या घरात असा योग आठवड्यातून एकदा येई आणि सरासरी अकरा मिनिटं टिके. शहाण्या बाईने ही अकरा मिनिटं झोपून काढली असती. रोइमाताने चहा ओतला, लॅपटॉप उघडला आणि आपण नेमक्या कुठल्या देशात राहतो हे ठरवायला घेतलं.

ठरवणं भागच होतं. येत्या सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती आणि वृद्धाश्रमात तिला सकाळी सातला हजर व्हायचं होतं. तिथे ती इतरांच्या आज्यांना आंघोळी घालायची, वेण्या घालायची. नवरा हेमी दूर पश्चिमेला खाणीत कामाला. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. म्हणजे मुलांना पाळणाघर हवं. पाळणाघराने दोन्ही जागा शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत राखून ठेवल्या होत्या. सरकारी सवलत मिळाली तरच त्या परवडणार होत्या, आणि सवलतीसाठी लागत होता करनिवासाचा दाखला: अर्जदार खरोखर याच देशाची रहिवासी आहे, असं सांगणारा.

तीन वर्षांपूर्वी ती न्यूझीलंडहून समुद्र ओलांडून इथे आली होती. तेव्हापासून ती इथे राहत होती, इथे राबत होती आणि इथे कर भरत होती. कर घेताना तिला कुणीही विचारलं नव्हतं की बाई, तू राहतेस कुठे. हा प्रश्न सरकारला पडला तो तिने पहिल्यांदा काही मागितलं तेव्हा.

प्रपत्रात बासष्ट प्रश्न होते. ‘आपला दात घासण्याचा ब्रश सध्या कोणत्या देशात आहे? एकाहून अधिक ब्रश असल्यास प्रत्येकाचा स्वतंत्र उल्लेख करावा.’ रोइमाताने प्रामाणिकपणे चारही ब्रश लिहिले. ‘आजारी पडल्यास आपण प्रथम कोणाला दूरध्वनी करता, व ती व्यक्ती तो कोणत्या देशात उचलते?’ तिने लिहिलं, नॅनला, म्हणजे आजीला, न्यूझीलंडमध्ये, ओपोटिकीजवळ. मग आला सदतिसावा प्रश्न. ‘आपल्या कुटुंबाचा कोणताही भाग पूर्वीच्या देशात कायमस्वरूपी ठेवलेला आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’

इथे कुठलाही माणूस ‘नाही’ लिहून पुढे गेला असता. पण रोइमाता माओरी घरातली, आणि नॅनच्या हाताखाली वाढलेली. तिच्या घरी बाळामागून पडलेली वार कुणी टाकून देत नाही. आपल्या माणसांच्या जमिनीत ती पुरतात, वर झाड लावतात, आणि मग ते मूल कुठलं हे कुणी विचारायची गरज उरत नाही. ही गोष्ट लपवायची असते हे रोइमाताला माहीतच नव्हतं. तिने लिहिलं: ‘हो. मुलीची वार. माझ्या आजीच्या आवारात, फीजोआच्या झाडाखाली.’ आणि पुढे, माहिती अपुरी राहू नये म्हणून: ‘बाळाची अजून इथेच आहे. फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यात. जायला जमलं की नेऊन पुरणार.’

तिने ‘पाठवा’वर बोट टेकवलं आणि मानु उठला.

संध्याकाळी तिची चुलत बहीण पानिआ आली. पानिआ अठरा वर्षांपूर्वी इकडे आलेली, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची बाई. उत्तर ऐकून तिने हातातला पाव खाली ठेवला.

“अगं शहाणे, असं लिहितात का कुणी?”

“विचारलं होतं.”

“विचारणारच! विचारणं हे त्यांचं काम. ‘नाही’ लिहिणं हे आपलं. माझ्या फ्रीझरात तीन डबे आहेत. लिहिलं का मी कुठे?”

“तीनही मुलांचे? मोठा सतराचा झाला ना गं?”

“झाला की. दाढी करतो.” पानिआने पुन्हा पाव उचलला. “पुढच्या ख्रिसमसला नेणारच आहे तिन्ही. तोवर कागदोपत्री मी इथली पक्की रहिवासी. अठरा वर्षांत एक पत्र नाही आलं मला. तुला बघ आता, उद्या फोन येतो की नाही.”

फोन खरंच दुसऱ्या दिवशी आला.

“रोइमाता ना? मी ब्रॉनविन गं, निवासनिश्चिती कक्षातून. कशी आहेस राणी? पिल्लं बरी?” आवाज इतका मायाळू होता की रोइमाताला वाटलं, दाखला हातात पडलाच. “तू सदतिसाव्या प्रश्नाला उत्तर दिलंयस.”

“हो. द्यायचं नव्हतं का?”

“तसं नाही गं. पण आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यामुळे तो विचारायला आम्हाला काही अडचण येत नव्हती.” तिकडे कळफलक खडखडला. “तर, तुझ्या मुलीची वार पुरलेली आहे. कायमची की तात्पुरती?”

“पुरलीय हो बाई.”

“ते कळलं. पण परत येण्याचा हेतू आहे का?”

“कुणाचा?”

“वारेचा.”

रोइमाताने तिआहोकडे पाहिलं. मुलीने बुटात पाणी भरून त्यात एक प्लॅस्टिकचा डायनासोर पोहायला सोडला होता. “नाही,” रोइमाता म्हणाली. “मला नाही वाटत तसा हेतू असेल.”

“छान, म्हणजे छान नाही, पण स्पष्ट आहे. वर काही बांधकाम?”

“झाड आहे.”

“फळतं?”

“यंदा दोन पोती निघाली.”

“आणि त्या फळांचं काय करता?”

“नॅन टोपलीत भरून रस्त्यावर ठेवते. ज्याला हवी तो नेतो. मे महिन्यात तिकडे घरोघरी फीजोआचा सडा पडतो, विकत कोण घेणार, बाई? लोक गाडीच्या काचा वर करून ठेवतात, नाहीतर शेजारी आत पिशवी टाकून जातो.”

“म्हणजे तुझ्या मुलीची परदेशात फळबाग आहे आणि त्यातून ती दानधर्म करते.” खडखड. “चार वर्षांच्या मानाने कौतुकच आहे हो. बरं, आता बाळाचं. डबा दाखवशील मला? कॅमेरा लाव ना जरा.”

रोइमाताने फ्रीझरचा खण ओढला. वाटाण्यांची पिशवी, फिश फिंगर्सचं खोकं, आणि त्यांच्या मागे दोन लिटरचा डबा. त्यावर हेमीच्या अक्षरात ‘मानु. खाऊ नये.’

“अरे वा,” ब्रॉनविन म्हणाली. “जड आहे?”

“बाळ की डबा?”

“एक सांग, हा डबा फ्रीझरच्या पुढच्या बाजूला असतो की मागच्या?”

“मागे. पण ईस्टरला जायचं ठरलं होतं तेव्हा पुढे आणला होता. मग हेमीला सुट्टी नाही मिळाली.”

“पुढे आणला होता,” ब्रॉनविन हळू आवाजात म्हणाली, आणि बराच वेळ टंकत राहिली.

बुधवारी निर्णय आला. भाषा ब्रॉनविनची नव्हती. ती कुणाचीच नव्हती. त्यात म्हटलं होतं की अर्जदाराची ज्येष्ठ कन्या ही अंशतः परदेशस्थ असून, तिचा एक भाग परतण्याच्या हेतूविना तेथे स्थायिक झालेला आहे. कनिष्ठ पुत्र जन्माने येथील असला, तरी त्याचा एक भाग प्रस्थानाच्या तयारीत गोठवलेल्या अवस्थेत आढळून आला असून, तो भाग ईस्टरच्या सुमारास दाराच्या दिशेने सरकल्याची कबुली अर्जदाराने दिलेली आहे. सबब पुत्रास प्रवासी समजण्यात यावे. आईचा निवास मुलांच्या निवासावरून ठरतो. मुलांचा निवास आईच्या निवासावरून ठरतो. सबब दोन्ही प्रकरणे एकमेकांचा निकाल लागेपर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहेत. खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती: आपण न्यूझीलंडच्या रहिवासी नसल्याचे तेथील संबंधित कार्यालयाचे पत्र जोडल्यास फेरविचार होऊ शकेल.

रोइमाताने तिकडे फोन केला. पन्नास मिनिटं बासरी ऐकवल्यावर एका तरुणाने तो उचलला. तिचं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “ताई, तुम्ही इथल्या रहिवासी नाही हे पत्र आम्ही देतो ना. फक्त अर्जासोबत इथला रहिवासी असल्याचा दाखला जोडा.”

“मी रहिवासी नाहीये म्हणून तर पत्र मागतेय.”

“बरोबर. पण रहिवासी नसलेल्यांना आम्ही पत्रं देत नाही. जगात इतके लोक इथे राहत नाहीत, ताई, सगळ्यांना पत्रं द्यायला बसलो तर आमचं काय होईल?”

तिला त्या मुलाचं काही चुकल्यासारखं वाटेना. तिने फोन ठेवला आणि मानुला दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं. दोन्ही कार्यालयांची बाजू खरी मानायची तर ती, दोन मुलं आणि एक आइस्क्रीमचा डबा, सगळे तीन वर्षं दोन देशांमधल्या टास्मान समुद्रात राहत होते, आणि तिथून रोज सकाळी सातला कामाला येत होते.

“मग इथेच पूर ना बाळाची,” ब्रॉनविनने गुरुवारी सुचवलं. ती खरोखर मनापासून मदत करत होती; दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतून तिने फोन केला होता आणि मध्येमध्ये तिचं चावणं ऐकू येत होतं. “मागच्या अंगणात. एकदा का जमिनीत गेली की बाळाचा प्रश्न सुटला. बाळ सुटलं की तू सुटलीस. मोठीचं काय ते आपण बघू, तिघांत ती एकटीच उरली की अल्पसंख्य म्हणून सोडून देता येईल.”

रोइमाताने पडदा बाजूला सारला. अंगण तिला खिडकीतून दिसत होतं: कपडे वाळत घालायचा फिरता खांब, वाळलेलं गवत, आधीच्या भाडेकरूची तुटकी घसरगुंडी. करार दर सहा महिन्यांनी बदलायचा. इथे कुणाचं काय पुरायचं?

पण शुक्रवार उद्यावर आला होता. तिने घराच्या एजंटला विचारलं. त्याचं उत्तर सोळा मिनिटांत आलं. नळ गळत होता तेव्हा त्याला सात आठवडे लागले होते. ‘प्रिय भाडेकरू, अंगणात खणण्यास मनाई आहे. घर सोडताना आपल्या मालकीची प्रत्येक वस्तू आपण सोबत न्यावयाची आहे व जागा मूळ स्थितीत द्यावयाची आहे. आपल्या शरीराच्या भागांसही हाच नियम लागू राहील. मोठी कुंडी चालेल, मात्र तळाला चाके हवीत.’

“चाकं?” ब्रॉनविन हळहळली. “चाकं असली की ती जंगम झाली गं. जंगम म्हणजे हेतू जाण्याचा. ब्रेक असतो का त्या चाकांना?”

“असतो.”

“लावलेला असतो?”

रोइमाताने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि थोडा वेळ कपाळ त्याच्या शेजारी टेकवलं. फोनमधून बारीक आवाज येत राहिला: “राणी? आहेस ना तिथे?” हा प्रश्न कार्यालयीन होता की नुसता काळजीचा, ते कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी दुपारी तीनला पाळणाघरातून आठवण आली. आणखी नऊ कुटुंबं रांगेत आहेत, पाचला जागा पुढच्यांना जातील. वृद्धाश्रमातूनही विचारणा आली: सोमवारी नक्की ना? नाहीतर आम्हाला दुसरी बघावी लागेल. चारला नॅनचा फोन आला. पडद्यावर नेहमीप्रमाणे नॅनचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा.

“ए पोरी, बाळासाठी कोपरा साफ करून घेतलाय. तिआहोच्या झाडाशेजारीच. लिंबाचं रोप आणून ठेवलंय, रोज पाणी घालते. कधी येताय?”

“लवकरच, नॅन.”

“लवकरच म्हणजे कसं? पानिआसारखं?”

“नाही गं! येणार म्हणजे येणार. नुसतं पुरायला नाही, राहायलाच येणार आम्ही. हेमीचं खाणीतलं एवढं काम उरकलं की.”

“बघ हं. मी काही आता शंभर वर्षं बसणार नाही. रोपाची मुळं पण पिशवीबाहेर यायला लागलीत.” कपाळ हललं. “तिआहो कुठाय? ए फीजोआ! येतेस ना घरी?”

“येते!” रोइमाताच्या मांडीवरून तिआहो ओरडली. “आई म्हणाली, येतोच!”

नॅनने मुका घेतला तो कॅमेऱ्याच्या भलत्याच बाजूला, आणि फोन बंद झाला.

चार वाजून वीस मिनिटांनी ब्रॉनविन पडद्यावर उगवली. मागे कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे होते, आणि तिच्या डोक्यावर कागदी टोपी.

“ऐक, मी वरच्यांशी बोललेय. कुठूनच काही ठरत नसेल तर शेवटी एक तरतूद आहे. सगळं हेतूवर येतं बघ. तू राहतेस कुठे हे महत्त्वाचं नाहीच. तुला कुठे राहायचंय हे महत्त्वाचं. ते तू तोंडाने सांगायचं, आम्ही रेकॉर्ड करायचं, की लगेच दाखला. फ्रीझर नाही, झाड नाही, चाकं नाहीत.”

“लिहून दिलं तर?”

“लेखी लोक काहीही लिहितात गं. म्हणून आता तोंडी केलंय. माणूस तोंडावर खोटं बोलत नाही असा आमचा अनुभव आहे. मुलांना पण चौकटीत घे. हां, अशी. माझ्या मागून म्हण.”

मानु खांद्यावर होता, तिआहो मांडीवर. घड्याळात साडेचार. ब्रॉनविनने टोपी काढली, कारण प्रसंग गंभीर होता, आणि वाचायला सुरुवात केली. रोइमाता मागून म्हणत गेली.

“मी, रोइमाता… स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर… जाहीर करते… की हे आणि हेच माझं घर आहे. माझ्या पूर्वीच्या देशात…”

“थांबू नकोस, राणी, रेकॉर्डिंग तुटतं.”

“माझ्या पूर्वीच्या देशात परत राहायला जाण्याचा… माझा, माझ्या मुलांचा… अथवा आमच्या शरीराच्या कोणत्याही भागाचा… आज किंवा यापुढे कधीही… हेतू नाही.”

“बाळाची संमती हवी.”

मानुने ढेकर दिला. तो नोंदवण्यात आला.

“आणि मोठीची. बाळा, आई म्हणाली ते खरं ना?”

तिआहोने आधी पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने मान हलवली. म्हणून तिनेही हलवली.

“झालं!” ब्रॉनविन म्हणाली आणि टोपी पुन्हा चढवली. “सुटलीस गं बाई. सोमवारी छान जा कामाला.”

चार वाजून बावन्न मिनिटांनी दाखला आला. वर लिहिलं होतं, ‘अभिनंदन! आपण कुठे राहता हे आता आम्हाला माहीत आहे.’ रोइमाताने तो जसाच्या तसा पाळणाघराला पाठवला. तिथून एक टाळ्या वाजवणारं चित्र आलं. दोन्ही जागा मिळाल्या. नोकरी राहिली. सगळं व्हायला हवं होतं तसंच झालं होतं, आणि कुणीही तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. तिने म्हटलं ते वाक्य काही जगावेगळं नव्हतं. रोज कितीतरी देशांतले कितीतरी लोक ते म्हणतात, तुमच्याआमच्या घरातलेही. फक्त ते एका चौकटीत खूण करून म्हणतात, आणि खूण करताना आवाज होत नाही म्हणून मुलांना ऐकू जात नाही.

तिआहो अजून मांडीवरच होती. ती आईच्या कुडत्याचं बटण फिरवत बराच वेळ काहीतरी जुळवत बसली होती. मग तिने बटण सोडलं, आईची हनुवटी दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवली, आणि अजिबात न रागावता, नुसतं माहीत करून घ्यायचं म्हणून विचारलं:

“आई, खोटं तू कुणाला सांगितलंस? त्या टोपीवाल्या बाईला, की नॅनला?”